सेप्टिक शॉक: पहिला तास आणि त्यानंतरचे तेवीस

पहिल्या तासात काय करायचं हे बहुतेक आयसीयूंच्या भिंतीवर चिकटवलेलं असतं: लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक), कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी), अँटिबायोटिक, सलाइन, बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड. ते बहुधा होतंही. पेशंट हातातून जातो तो नंतर. तेव्हा चालू केलेलं सलाइन कुणी बंद केलेलं नसतं, अँटिबायोटिकचा दुसरा डोस राहून गेलेला असतो आणि पोटातला पू तसाच असतो. म्हणून निवासी डॉक्टर, वैद्यकीय अधिकारी आणि आयसीयूतल्या सिस्टर यांच्यासाठी लिहिलेल्या या लेखात पहिल्या तासाइतकीच जागा पुढच्या तासांना दिली आहे. सगळे डोस प्रौढांचे आहेत. लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया यांचा हिशोब वेगळा असतो.

आकडे हवेत राहू नयेत म्हणून एक पेशंट धरून चालू. वय ५५, स्त्री, मधुमेह, वजन ६० किलो, उंची १६० सेंमी. डाव्या मूत्रवाहिनीत खडा अडकलेला. थंडी वाजून ताप, थोडी बरळते आहे. नाडी १२८, श्वास मिनिटाला ३०, बीपी ८४/४६. मॅप, म्हणजे सरासरी रक्तदाब: वरचा आकडा अधिक खालच्याची दुप्पट, भागिले तीन. इथे तो ५९ येतो.

ओळखायचं कसं

२०१६च्या व्याख्येनुसार सेप्सिस म्हणजे नुसता जंतुसंसर्ग नाही. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद भरकटून अवयव बिघडू लागतात, म्हणजे सोफा स्कोअर (अवयवांच्या बिघाडाचे गुण) २ किंवा जास्त गुणांनी वाढतो, तो सेप्सिस. पुरेसं सलाइन देऊनही मॅप ६५ ठेवायला नॉरअ‍ॅडसारखं औषध लागतं आणि लॅक्टेट २ मिलिमोलच्या वर राहतं, तेव्हा तो सेप्टिक शॉक. अशा पेशंटांत रुग्णालयातला मृत्युदर ४० टक्क्यांच्या वर जातो.

क्यू-सोफा, म्हणजे श्वास २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी आणि शुद्ध बदललेली, प्रत्येकी एक गुण, हे लक्षात ठेवायला सोपं आहे. पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनच्या २०२१च्या सूचनांतही तसंच सांगितलं आहे. क्यू-सोफा शून्य असलेले पेशंटही सेप्सिसचे निघतात.

फसवणूक ठरावीक ठिकाणी होते. म्हाताऱ्या माणसाला ताप नसतो, उलट अंग ३६ अंशांच्या खाली गेलेलं असतं. बीटाब्लॉकर घेणाऱ्याची नाडी ९० वरच राहते. ज्याचं रोजचं बीपी १६० असतं त्याचं १०५ म्हणजे नॉर्मल नव्हे. आणि श्वासाचा आकडा चार्टवर सगळ्यांचा २० लिहिलेला असतो! घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. सगळ्यात आधी बदलणारा आणि सगळ्यात कमी मोजला जाणारा आकडा हाच.

मग पेशंटला हात लावा. गुडघ्यांभोवतीची कातडी जाळीदार, निळसर दिसते का बघा. केशिका भरण्याचा वेळ मोजायचा तो असा: उजव्या तर्जनीच्या शेवटच्या पेराच्या आतल्या बाजूला काचेची स्लाइड घट्ट दाबा, १० सेकंद दाबून ठेवा, सोडा, रंग परत यायला किती सेकंद लागले ते मोजा. ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्ताभिसरण कमी पडतंय. २०१९च्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत ही साधी कृती लॅक्टेटच्या बरोबरीने कामाची ठरली. ज्या आयसीयूत रात्री लॅक्टेट होत नाही तिथे ती सोन्यासारखी आहे.

लॅक्टेट होत असेल तर पट्टा फार वेळ न आवळता रक्त काढा आणि लगेच मशीनला लावा. नमुना तसाच पडून राहिला तर आकडा आपोआप चढतो. अ‍ॅड्रेनालीन, मेटफॉर्मिन, यकृताचा आजार, थायमिनची कमतरता यांनीही लॅक्टेट वाढतं.

आणि एकदा थांबून विचारा: हे दुसरं काही तर नाही? हार्ट अटॅक, फुप्फुसातली गुठळी, पोटातला रक्तस्राव, स्वादुपिंडाची सूज, डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस, अचानक बंद केलेलं स्टेरॉइड. ईसीजी, शुगर आणि हिमोग्लोबिन इथेच बघून घ्या.

पहिला तास

दोन मोठ्या सुया लावा, शक्यतो १८ नंबरच्या. त्याच वेळी कल्चर काढा: दोन वेगळ्या जागांवरून दोन संच, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त. कल्चर निगेटिव्ह येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बाटलीत टाकलेलं ३ मिली रक्त. क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलने कातडी ३० सेकंद घासा, पूर्ण वाळू द्या, त्यानंतर शीर बोटाने पुन्हा चाचपू नका. बाटलीचं रबरी बूच स्पिरिटने पुसा. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. लॅब बंद असेल तर खोलीच्या तापमानाला राहू द्या. लघवीचं कल्चर नव्या कॅथेटरमधून घ्या, पिशवीतून कधीच नाही.

कल्चरपायी अँटिबायोटिक ४५ मिनिटांहून जास्त लांबणार असेल तर कल्चर सोडा, औषध द्या. शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर तासाच्या आत पहिला डोस गेलाच पाहिजे. शॉक नाही आणि निदानही डळमळीत आहे, अशा वेळी तीन तासांपर्यंत तपासण्या करायला मुभा आहे. ही मुभा विसरून तापाच्या प्रत्येक पेशंटला मेरोपेनेमसारखं जोरकस अँटिबायोटिक लावायची सवय आपल्याकडे फार बोकाळली आहे.

आपल्या पेशंटला मात्र मेरोपेनेमच द्यायचं. बाहेरून लघवीचा संसर्ग घेऊन येणाऱ्या पेशंटांतही सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणारे ई. कोलाय भारतात सर्रास मिळतात, आणि शॉकमध्ये चुकीच्या औषधाला दुसरी संधी नसते. पहिला १ ग्रॅम पटकन द्या, म्हणजे अर्ध्या तासात. पुढचा १ ग्रॅम दर ८ तासांनी, पण प्रत्येक वेळी ३ तास सावकाश चालवून. बीटालॅक्टम गटातलं (पेनिसिलिन, मेरोपेनेम वगैरे) औषध रक्तात किती वेळ पुरेशा पातळीत टिकतं यावर मारा अवलंबून असतो.

तीन बारकावे. एक, व्हँकोमायसिनही द्यायचं असेल तर आधी मेरोपेनेम, कारण व्हँकोमायसिनला तास-दीड तास लागतो आणि तोवर मुख्य औषध ताटकळतं. दोन, क्रिएटिनिन वाढलंय म्हणून पहिल्या २४ ते ४८ तासांत बीटालॅक्टमचा डोस कमी करू नका. पहिला डोस तर कधीच नाही. शॉकमध्ये अंगात पाणी भरतं, औषध पातळ होतं आणि बऱ्याच जणांची किडनी दोन दिवसांत सावरते. तीन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि रिंगर लॅक्टेट एका लाइनमधून एकत्र चालवायचं नाही, कॅल्शियमबरोबर साका धरतो.

आठवडाभर आयसीयूत असलेल्या पेशंटचा संसर्ग म्हणजे वेगळं प्रकरण. तिथे पुस्तकापेक्षा आपल्याच रुग्णालयाचा अँटिबायोग्राम (कुठला जंतू कुठल्या औषधाला दाद देतो याचा तक्ता) महत्त्वाचा. क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर कार्बापेनेमला (मेरोपेनेमच्या गटाला) दाद देत नसतील तर सुरुवातीलाच त्यांना लागू पडणारं औषध निवडावं लागतं. कोलिस्टिन द्यायची वेळ आली तर ९० लाख युनिटचा लोडिंग डोस किडनी बिघडलेली असली तरी पूर्ण द्या. तो टाळला तर औषधाची पातळी वर यायला दोन-तीन दिवस जातात.

पावसाळ्यातला शॉक

जून ते नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे मेरोपेनेम लावून निश्चिंत होता येत नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडमध्ये भातशेतीत राबणारा माणूस, डोळे लाल, पोटऱ्या दुखतात, कावीळ आणि लघवी कमी असा आला तर लेप्टो धरा. तिथे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किंवा पेनिसिलिन चालतं. नागपूरसह विदर्भात स्क्रब टायफस आहे. त्याच्यावर कुठलंही बीटालॅक्टम काम करत नाही, डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन लागतं. गंभीर स्क्रब टायफसमध्ये ही दोन्ही शिरेतून एकत्र दिली तर एकट्या-एकट्यापेक्षा फायदा होतो, असं २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत दिसलं. चिगर (हा आजार पसरवणारा बारीक किडा) चावल्याची काळी खपली शोधायची तर पेशंटचे कपडे काढावे लागतात. ती काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीपाशी असते आणि दुखत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही.

मलेरियाची रॅपिड टेस्ट आणि स्मिअर दोन्ही करा. गंभीर मलेरियाला आर्टेसुनेट २.४ मि.ग्रॅ. प्रतिकिलो शिरेतून ०, १२ आणि २४ तासांना. डेंगीच्या शॉकला मात्र खाली दिलेला सलाइनचा हिशोब लावू नका. तिथे पाणी हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) बघत, मोजून द्यायचं असतं.

सलाइन: किती, कुठलं आणि कधी बंद

पहिल्या तीन तासांत ३० मिली प्रतिकिलो हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. आपल्या पेशंटला १८०० मिली. पण तो सुरुवात करण्यासाठी दिलेला अंदाज आहे, पूर्ण करायचं टार्गेट नव्हे. ५०० मिली रिंगर लॅक्टेट १५ ते ३० मिनिटांत द्या. हृदय कमजोर असेल किंवा डायलिसिसचा पेशंट असेल तर २५० मिली द्या. अशांना सलाइन अजिबात न देणं हीही चूकच. प्रत्येक बाटलीनंतर पलंगापाशी उभं राहून पाहा: मॅप वाढला का, केशिका लवकर भरतात का, नाडी उतरली का? आणि उलट बाजूने, फुप्फुसाच्या तळाशी चरचर सुरू झाली का, श्वास वाढला का, ऑक्सिजन जास्त लागतोय का? फायदा दिसला आणि त्रास नाही, तरच पुढची बाटली.

पाय वर करून बघण्याची युक्ती फुकट आहे. पेशंटला ४५ अंशांत बसवलेलं ठेवा, मग पलंगच असा फिरवा की धड आडवं आणि पाय ४५ अंशांत वर. मिनिटभरात हृदयातून फेकलं जाणारं रक्त वाढलं, तर सलाइनचा उपयोग होईल. इको करणारं कुणी असेल तर उत्तमच, कारण नुसत्या बीपीवरून हा अंदाज कच्चा राहतो.

रिंगर लॅक्टेट का? नॉर्मल सलाइनमध्ये क्लोराइड जास्त असतं, लिटरांनी दिलं की रक्त आम्लधर्मी होतं आणि किडनीवर ताण येतो. रिंगरमधल्या लॅक्टेटमुळे तपासणीतलं लॅक्टेट बिघडेल ही भीती व्यवहारात निरर्थक आहे. डोक्याला मार लागलेल्या पेशंटला मात्र नॉर्मल सलाइनच. स्टार्चची द्रावणं बाद. ५ टक्के डेक्स्ट्रोज रक्तवाहिनीत टिकतच नाही.

जास्त पाणी म्हणजे जास्त उपचार, ही समजूत मोडायला वेळ लागला. झांबियात २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीपी पडलेल्या सेप्सिसच्या प्रौढांना ठरवून जास्त सलाइन दिलं गेलं, तर त्या गटात मृत्यू वाढले. तिथले बहुतेक पेशंट एचआयव्हीबाधित होते आणि व्हेंटिलेटरची सोय तुटपुंजी होती. आपल्या तालुक्याच्या ठिकाणीही व्हेंटिलेटर हाताशी नसेल, तर हा इशारा आपल्यालाही आहे. अमेरिकेतल्या २०२३च्या क्लोव्हर्स चाचणीत कमी सलाइन आणि लवकर नॉरअ‍ॅड विरुद्ध भरपूर सलाइन, दोन्हींचा निकाल सारखाच आला. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या बाटलीनंतरही मॅप ६५ खाली असेल तर चौथीची वाट न बघता नॉरअ‍ॅड जोडा. आमचा कल स्पष्टपणे तिकडेच आहे.

चोरपावलांनी जाणारं पाणीही मोजा. प्रत्येक अँटिबायोटिक १०० मिलीत, पँटोप्राझोल १०० मिलीत, पॅरासिटामॉल १०० मिलीत, वर तासाला ८० मिली 'मेंटेनन्स'. दिवसाला दोन-अडीच लिटर होतात आणि कुणीच ते मुद्दाम दिलेले नसतात.

नॉरअ‍ॅड

अँप्युल फोडण्याआधी लेबल वाचा. नॉरअ‍ॅड्रेनालीन बायटार्ट्रेट २ मि.ग्रॅ. म्हणजे मूळ औषध १ मि.ग्रॅ. काही लेबलांवर मोठ्या अक्षरात क्षाराचं वजन असतं, काहींवर मूळ औषधाचं. एका कंपनीची अँप्युल संपून दुसरीची आली आणि डोस अचानक 'लागेनासा' झाला, तर आधी इथे बघा. संपूर्ण युनिटने एकच पद्धत ठरवून ती सिरिंजच्या स्टिकरवर लिहावी.

मूळ औषध ४ मि.ग्रॅ., ५ टक्के डेक्स्ट्रोज घालून एकूण ५० मिली. म्हणजे मिलीला ८० मायक्रोग्रॅम. आपल्या पेशंटला मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो द्यायचे तर ६ मायक्रोग्रॅम मिनिटाला, ३६० तासाला, म्हणजे सिरिंज पंप ताशी ४.५ मिलीवर. दर पाच मिनिटांनी मॅप बघत वाढवा. लक्ष्य ६५, पासष्टी ओलांडलेल्यांना ६० ते ६५ पुरतं.

सेंट्रल लाइन नाही म्हणून थांबू नका. कोपराच्या किंवा त्यावरच्या चांगल्या शिरेतून काही तास चालतं, पण त्या लाइनमधून दुसरं काही ढकलायचं नाही. त्याच हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही. दर तासाला सुईची जागा बघायची: पांढरी पडली, गार झाली किंवा सुजली तर लगेच दुसरी शीर.

सिरिंज संपण्याची वेळ हा खरा धोक्याचा क्षण. जुनी काढून नवी भरेपर्यंतच्या दोन मिनिटांत मॅप ४० वर येतो. जुनीत ५ मिली उरलेलं असतानाच नवी भरून दुसऱ्या पंपावर तयार ठेवा.

डोस मिनिटाला ०.२५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलोच्या वर गेला की व्हासोप्रेसिन जोडा: २० युनिट ५० मिलीत, ताशी ४.५ मिली, म्हणजे मिनिटाला ०.०३ युनिट. हे कमी-जास्त करत बसायचं नाही. नॉरअ‍ॅड ०.२५ किंवा जास्त चार तास लागलंच तर हायड्रोकॉर्टिसोन ५० मि.ग्रॅ. दर ६ तासांनी. हृदयाचा जोरच कमी असेल तर डोब्युटामिन किंवा अ‍ॅड्रेनालीन. डोपामिन बऱ्याच ठिकाणी अजून पहिलं हाताशी येतं, पण त्याने हृदयाचे ठोके बिघडण्याचं प्रमाण जास्त आहे. ते कपाटातच राहू द्या.

पू, खडा, नळी

आपल्या पेशंटला वरचं सगळं अचूक दिलं आणि खडा तसाच अडकून राहिला, तर ती वाचणार नाही. अडलेल्या किडनीत दाबाखाली पू साठलेला असतो, तिथे अँटिबायोटिक पोचतच नाही. पलंगापाशी सोनोग्राफी पहिल्या तासातच करा. किडनी फुगलेली दिसली की युरॉलॉजिस्टला फोन. डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत आतून ठेवायची नळी) किंवा पाठीतून किडनीत नळी, जे लवकर होईल ते, ६ ते १२ तासांच्या आत. खडा आता काढायचा नाही, फक्त वाट मोकळी करायची. मधुमेहींत किडनीत वायू दिसला तर घाई आणखी.

'आधी स्टेबल करा, मग पाठवा' हे वाक्य इथे घात करतं. पू काढल्याशिवाय ती स्टेबल होणारच नसते. नॉरअ‍ॅड चालू ठेवून थिएटरमध्ये न्या. सोय नसेल तर पहिला डोस आणि नॉरअ‍ॅड लावून, आधी फोन करून, पंपासह दुसरीकडे हलवा. पित्तनलिकेतला पू, फुटलेलं आतडं, छातीतला पू, बाळंतपणानंतर गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा यांना हाच नियम. सडणाऱ्या स्नायूंना तर तासही मोजायचे नाहीत, सरळ थिएटर. आणि दुसरं कारण सापडत नसेल तर जुनी सेंट्रल लाइन संशयित धरून काढा.

दुसरा डोस आणि बाकीचं

कॅज्युअल्टीत 'स्टॅट' लिहून दिलेला मेरोपेनेम दुपारी दोनला गेला. आयसीयूत औषधांचा तक्ता रात्री नऊला नव्याने लिहिला गेला आणि पुढची वेळ पडली सकाळी सहाची. सोळा तासांचं अंतर. पहिला डोस देणाऱ्यानेच पुढची नेमकी वेळ केसपेपरवर लिहावी: 'पुढचा डोस रात्री १०'. हँडओव्हरला सिस्टरांनी हा एक प्रश्न विचारायचाच.

श्वास थकला तर श्वासमार्गात नळी घालताना घाई नको. भूल देताच बीपी कोसळतं, म्हणून नॉरअ‍ॅड आधीच चालू असावं आणि केटामिनचा डोस नेहमीपेक्षा कमी. व्हेंटिलेटरवर श्वासाचा आकार खऱ्या वजनावर नाही, उंचीवर ठरतो: स्त्रीसाठी ४५.५ अधिक ०.९१ गुणिले (उंची वजा १५२.४), पुरुषासाठी ४५.५ च्या जागी ५०. आपल्या पेशंटचं अपेक्षित वजन ५२ किलो, त्याच्या ६ पट म्हणजे साधारण ३१५ मिली. प्लॅटू दाब (श्वास आत धरून मोजलेला फुप्फुसातला दाब) ३० च्या खाली.

शॉकमध्ये बोटाच्या टोकाची शुगर खोटी येते, लाइनमधलं रक्त वापरा. १८० च्या वर गेल्यावरच इन्सुलिन, आणि १४४ ते १८० मध्ये ठेवलं की पुरे. रक्त हिमोग्लोबिन ७ खाली गेल्यावर. बायकार्बोनेट फक्त पीएच ७.२ किंवा खाली आणि किडनीही बरीच बिघडलेली असेल तेव्हा. डायलिसिस पोटॅशियम, आम्लता किंवा फुप्फुसातलं पाणी यांसाठी. नुसत्या क्रिएटिनिनच्या आकड्यासाठी नाही. बीपी स्थिरावलं की नळीतून थोडं थोडं अन्न सुरू करा, तीन दिवस उपाशी ठेवू नका.

सहा तासांनी नॉरअ‍ॅड चढतंच असेल तर डोस वाढवून झोपायला जाऊ नका. पुन्हा पायापासून तपासा. सोनोग्राफीत न दिसलेला पू आहे का, औषध जंतूला लागू आहे का, सेंट्रल लाइन घालताना फुप्फुसाला भोक पडलं का, पोट तट्ट फुगलंय का, हृदय इकोवर कसं आहे, आयनाइज्ड कॅल्शियम किती आहे. यातलं एक तरी बहुधा सापडतं.

तिसरा दिवस आणि पुढे

४८ ते ७२ तासांत कल्चर येतं. जंतू साध्या औषधाला दाद देत असेल तर मेरोपेनेम उतरवा. 'बरा होतोय, कशाला हात लावा' या विचारानेच पुढच्या पेशंटसाठी औषध उरत नाही. वाट मोकळी झाली असेल तर बहुतेकांना ७ दिवस पुरतात. रक्तातला स्टॅफिलोकॉकस ऑरियस याला अपवाद. प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणारा घटक) शिखरापासून ८० टक्के उतरलं किंवा ०.५ खाली आलं, तर अँटिबायोटिक थांबवायला बळ मिळतं. सुरू करायचं की नाही हे त्यावरून ठरवू नका. नॉरअ‍ॅड सुटलं की अंगात साठलेलं पाणी फ्युरोसेमाइडने काढायला लागा, आणि कॅथेटर, सेंट्रल लाइन यांची रोज गरज विचारा.

नातेवाइकांशी पहिल्या सहा तासांत एकदा बसून बोला. 'रक्तात इन्फेक्शन' एवढं सांगून भागत नाही. किडनीत पू अडकला आहे, तो आज काढणार, बीपी औषधावर आहे, जिवाला धोका आहे आणि उद्या सकाळी पुन्हा सांगू, असं सरळ सांगा.

घरी जाताना काही आठवडे अशक्तपणा, झोप मोडणं आणि विसरभोळेपणा राहील, हे आधीच सांगून ठेवा. बीपीच्या गोळ्या आणि मेटफॉर्मिन केव्हा परत सुरू करायचं ते कार्डावर लिहा. डीजे स्टेंट कुठल्या तारखेला काढायचा तेही, शक्यतो तीन महिन्यांच्या आतलं आणि मोठ्या अक्षरात, शिवाय घरच्या एकाच्या मोबाइलवर. विसरलेल्या स्टेंटवर खडे चढतात, आणि तीच बाई वर्षभरात त्याच बीपीने त्याच पलंगावर येते.